सतरा अंकी संख्येची वहीवर तपासणी कशी करायची

मोठी संख्या समोर आली की बहुतेक जण ती कॅल्क्युलेटरमध्ये टाकतात, नाहीतर 'बाप रे' म्हणून पान उलटतात. इथे आपण एक सतरा अंकी संख्या घेऊन वही-पेनाने तिचे सगळे मूळ अवयव काढणार आहोत, तिचे विभाजक मोजणार आहोत आणि वाटेत भेटतील ते इतर गुणही पाहणार आहोत. शाळेतली विभाज्यतेच्या कसोट्यांची ओळख असली की पुरे. क्रम मात्र नीट पाळायचा. कुठली चाचणी आधी करायची, यावर काम तासाभरात आटोपतं की अख्खा रविवार जातो, हे ठरतं.

संख्या ही:

१२३४५६७८९८७६५४३२१

नाशिककरांनी हीच घ्यायला कारण आहे. नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ या काळात शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर ज्यांना 'डेम्लो संख्या' म्हणत, त्यांच्यातल्या खास घराण्यातली ही. डेम्लो म्हणजे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन, आजची डोंबिवली. कल्पना तिथे सुचली म्हणून संख्यांना स्टेशनचं नाव दिलं. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि १९८६ साली देवळालीत गेले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोचलं. तोवर आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हे काम म्हणजे निव्वळ आकड्यांचा खेळ वाटे.

त्या आक्षेपात तथ्य नाही असं नाही. संख्येचे गुण दोन जातींचे असतात. विभाजक किती, मूळ आहे का, वर्ग आहे का, हे तिच्या अंगचे गुण. ती कुठल्याही पद्धतीने लिहा, ते तेच राहतात. अंकांची बेरीज, उलटसुलट सारखी दिसणं, हे गुण मात्र आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात. अंगरखा बदलला की गेले. पण हाताने काम करणाऱ्याने या अंगरख्याला हसू नये. आतलं काय ते बहुतेक वेळा त्याच्या नक्षीतूनच कळतं, आणि या संख्येत तर पावलोपावली कळतं.

आधी हत्यारं

चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एक अंक. मोठ्या भागाकारात निम्म्या चुका अंक सरकल्याने होतात, गणित न आल्याने नाही.

मोबाइल किंवा एक्सेलवर पडताळा घेणार असाल तर सावध. एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं. ही संख्या साध्या खान्यात टाकलीत तर शेवटचे दोन अंक गायब होऊन १२३४५६७८९८७६५४३०० उरते, आणि कुठलीही सूचना येत नाही. त्या संख्येला शंभरने भाग जातो, आपल्या संख्येला दोननेसुद्धा जात नाही! पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्ण संख्या कितीही मोठी चालते, तेव्हा पडताळा तिथे घ्या.

पायरी १: वाचा

उजवीकडून आधी तीन, मग दोन-दोन अंकांचे गट पाडा:

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

शेवटचा भाग अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. त्याच्या डावीकडे स्थानांची जुनी नावं लागतात: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. भास्कराचार्यांनी लीलावतीत अशी अठरा स्थानं दिली आहेत. आपला पहिला १ मध्यस्थानी आहे, म्हणजे परार्धाच्या एक घर अलीकडे. व्यवहारात आता कोणी असं वाचत नाही, पण अंक नक्की सतरा आहेत की अठरा, याची खात्री होते.

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद.

पायरी २: अंकांची बेरीज

१ ते ८ दोनदा आणि मध्ये ९. म्हणजे ३६ + ३६ + ९ = ८१. ९ ने निःशेष भाग जातो.

इथे एक सापळा आहे. बेरीज ८१ आली म्हणून ८१ ने भाग जाईलच असं नाही. ९ च्या पुढे ही कसोटी लंगडी पडते. १८९९ घ्या: बेरीज २७, पण १८९९ = ९ × २११, आणि २११ ला तीनने भाग जात नाही. त्यामुळे प्रत्यक्ष भागून पाहायचं.

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ९ = १३७१७४२१०९७३९३६९

या भागाकाराच्या अंकांची बेरीज ७२, म्हणजे पुन्हा ९ ने भाग जातो:

१३७१७४२१०९७३९३६९ ÷ ९ = १५२४१५७८९९७१०४१

आता बेरीज ६४. तीनचा विषय संपला. संख्येत ३ बरोबर चार वेळा आहे, म्हणजे ८१ ने भाग गेलाच. आणि अंकांची बेरीजही ८१! स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' हे नाव दिलं. आपली संख्या हर्षद आहे.

पायरी ३: तीन-तीनचे गट

७, ११ आणि १३ वेगवेगळे तपासत बसू नका. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून तीन-तीन अंकांचे गट पाडून उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे केलं की तिन्ही एकदम तपासून होतात:

३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९

३०९ ला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने १, १३ ने १०. तिघेही बाद. अंकांची संख्या सम असती तर ११ तपासायची गरजच नव्हती. उलटसुलट सारख्या सम-अंकी संख्येला ११ ने भाग जातोच.

आता तेच गट नुसते मिळवा. ९९९ = २७ × ३७, तेव्हा ही कसोटी ३७ ची:

१२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७

पुन्हा: २ + ९९७ = ९९९. म्हणजे संख्येला ९९९ ने निःशेष भाग जातो आणि ३७ हाती लागला. ३७ ची ही कसोटी शाळेत शिकवत नाहीत, शिकवायला हवी. पुढे भागत गेलो तर:

१५२४१५७८९९७१०४१ ÷ ३७ = ४११९३४५६७४८९३
४११९३४५६७४८९३ ÷ ३७ = १११३३३६६६८८९

या शेवटच्या संख्येकडे जरा बघा: १११, ३३३, ६६६, ८८९. एवढी नक्षी योगायोगाने येत नाही. ३ चार वेळा आला, ३७ दोन वेळा, म्हणजे आतापर्यंतचे सगळे घातांक सम. मग संशय एकच उरतो.

पायरी ४: वर्ग आहे का?

कुठल्याही मोठ्या संख्येचे घातांक सम यायला लागले की थांबून हा प्रश्न विचारायचा. आधी दोन झटपट चाळण्या. पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक २, ३, ७ किंवा ८ नसतो, आणि बीजांक, म्हणजे अंकांची बेरीज करत करत उरणारा एक अंक, १, ४, ७ किंवा ९ च असतो. आपल्याकडे शेवटी १ आणि बीजांक ९. दोन्ही चाळण्यांतून संख्या पार झाली. याने ती वर्ग आहे असं सिद्ध होत नाही, फक्त वर्ग असू शकते एवढंच कळतं.

आता शाळेसारखा उभा गुणाकार मांडा: १११११११११ × १११११११११. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या उभ्या स्तंभात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्या स्तंभात सगळ्या नऊ ओळी येऊन मिळतात, तिथे ९. पुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात: ८, ७, ६, आणि अगदी डावीकडे पुन्हा एकटा १. कुठेही बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा कुठेच नाही. उत्तर लिहा, आपलीच संख्या समोर येते.

१२३४५६७८९८७६५४३२१ = १११११११११ चा वर्ग

याच रीतीने ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. हे ते डेम्लोंचं खास घराणं. आणि पायरी ३ मधली १११३३३६६६८८९ म्हणजे ३३३६६७ चा वर्ग, गुणून बघा.

आता सतरा अंकांशी झगडायचं कारण उरलं नाही. नऊ अंकी संख्येचे अवयव पाडा आणि घातांक दुप्पट करा. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडले की:

१११११११११ = १११ × १००१००१

१११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणजे

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

पायरी ५: ३३३६६७ मूळ आहे का?

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि खरी गंमतही इथेच आहे. सरळ मार्ग म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघणं. वर्गमूळ ५७७ च्या किंचित वर. ५७७ पर्यंत मूळ संख्या १०६ आहेत. एकशे सहा भागाकार करायचे आणि प्रत्येकाला 'नाही' हेच उत्तर आलं की निकाल लागला. काम होतं, पण वैताग येतो.

त्याऐवजी ही संख्या आली कुठून ते आठवा. ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव नऊ एकांच्या संख्येचा अवयव आहे, म्हणून ९९९९९९९९९ चाही आहे. याचा अर्थ असा की त्या अवयवाने १ ला भागलं तर दशांशातले अंक दर नऊ घरांनी पुन्हा तेच येतात. मग आवर्तनाची खरी लांबी नऊची विभाजक हवी: १, ३ किंवा ९. लांबी १ असेल तर तो अवयव ९ ला भागतो, म्हणजे ३. लांबी ३ असेल तर तो ९९९ ला भागतो, म्हणजे ३७ (१/३७ = ०.०२७०२७०२७…). ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७ × ९०१८ = ३३३६६६, एकाने हुकलं, म्हणून ३७ ही बाद. उरली लांबी ९.

फर्माच्या प्रमेयावरून एक गोष्ट मिळते: २ आणि ५ सोडून कुठल्याही मूळ संख्येने १ ला भागलं तर आवर्तनाची लांबी त्या संख्येपेक्षा एकाने कमी असलेल्या संख्येची विभाजक असते. म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या अवयवातून १ वजा केला तर उत्तराला ९ ने भाग जायलाच हवा. अवयव विषम, म्हणून २ नेही. एकूण १८ ने. आता ५७७ पर्यंत 'अठराची पट अधिक एक' अशा मूळ संख्या किती? या एवढ्याच:

१९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७

सतरा. एकशे सहावरून सतरावर आलो, आणि त्यातल्या ३७ चा निकाल आधीच लागलाय. या क्रमाने बाक्या: ८, १, ५७, १८, ३८, ६, ८४, १४३, ६६, २६५, १४७, १८७, २५७, ७२, ५१६, ४११, १६१. एकही शून्य नाही. १६३ ने चांगलीच हुलकावणी दिली: १६३ × २०४७ = ३३३६६१, फक्त सहाने हुकली.

३३३६६७ मूळ आहे.

अंकांच्या नक्षीवरून, म्हणजे नुसत्या अंगरख्यावरून, आपण दर सहापैकी पाच भागाकार वाचवले. 'आकड्यांचा खेळ' म्हणणाऱ्यांना मी हीच पायरी करून बघा म्हणेन.

पायरी ६: आता फळं गोळा करा

संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग

विभाजक मोजायला प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणा: ५ × ३ × ३ = ४५. विषम आले, कारण वर्गसंख्येचे विभाजक विषमच असतात. वर्गमुळाला वेगळा जोडीदार नसतो. तुमचं उत्तर सम आलं तर कुठेतरी चूक आहे.

विभाजकांच्या बेरजेसाठी प्रत्येक मूळ अवयवाच्या १ पासून वरपर्यंतच्या घातांची बेरीज एकेका कंसात मांडा आणि तीन कंसांचा गुणाकार करा: १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. यातला पहिला कंस म्हणजे १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१, तोही डेम्लोच निघाला. बेरजेतून आपली संख्या वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात. हे आपल्या संख्येपेक्षा कमी, म्हणजे इतर सगळे विभाजक मिळूनही तिची बरोबरी करू शकत नाहीत. परिपूर्ण संख्येत ही बरोबरी नेमकी होते, तिच्यापासून आपली संख्या बरीच लांब आहे.

मला या संख्येत सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची. ३७ चा वर्ग = ३५ चा वर्ग + १२ चा वर्ग (१२२५ + १४४ = १३६९). आणि १११११११११ = ३७ × ३००३००३. तेव्हा दोन्ही बाजूंना ३००३००३ ने गुणलं की पायथागोरसचं हे त्रिकूट मिळतं:

३६०३६०३६, १०५१०५१०५, १११११११११

पहिल्या दोघांच्या वर्गांची बेरीज म्हणजे आपली सतरा अंकी संख्या. काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना नक्षी.

पायरी ७: कापरेकरांच्या कसोट्या

एखाद्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की परत तीच संख्या आली, तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ + २०९ = ७०३. आपल्याकडे १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. १११११११११ आले नाहीत, म्हणून ती कापरेकर संख्या नाही, पण बरोबर नऊपट आली.

दुसरी कसोटी स्वयंभू संख्यांची, ज्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. कुठलीही संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा, नवी संख्या 'जन्मते'. जी अशी कुठल्याच संख्येपासून जन्मत नाही ती देवळाली संख्या. मोठ्या संख्येसाठी हे शोधणं अवघड वाटतं, तसं नाही. आपल्या संख्येचा बीजांक ९, त्यामुळे जनक असलाच तर तोही ९ च्या पटीत हवा. फरक फार तर १५३, कारण सतरा अंकांची बेरीज त्याहून जास्त होत नाही. १५३ वजा केले तरी फक्त शेवटचे तीन अंक बदलतात. पहिल्या चौदा अंकांची बेरीज ७५ पक्की, आणि शेवटच्या तीन अंकांची बेरीज ६, १५ किंवा २४ च असू शकते. म्हणून फरक ८१, ९० किंवा ९९. ८१ वजा करून बघा:

१२३४५६७८९८७६५४२४०, अंकांची बेरीज ७५ + २ + ४ + ० = ८१

जनक सापडला, तेव्हा ही देवळाली संख्या नाही. ९० आणि ९९ वजा केले तरी बेरीज ८१ च राहते, म्हणून दुसरा जनकही नाही.

६१७४, म्हणजे कापरेकर स्थिरांक, इथे लागू होत नाही, ती चार अंकी संख्यांची गोष्ट. तरी कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करा, आणि हेच करत राहा: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. ६१७४ वर पोचायला जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात, आणि या वर्षाला नेमक्या सात लागल्या.

सरावासाठी

खिशातल्या नोटा काढा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली एखादी त्यात असेलही. अक्षरं सोडून शेवटचे सहा अंक घ्या आणि पायरी १ पासून सुरू करा. सहा अंकांना वर्गमूळ हजाराच्या आत येतं, हाताने झेपतं.

नाहीतर शहराचा पिन ४२२००१ घ्या. बेरीज ९, भाग जातो ९ ने, म्हणजे नाशिक शहर हर्षद. जनकही आहे: ४२१९७४ + २७. पण ९ ने भागल्यावर उरणाऱ्या ४६८८९ ला नक्षी नाही, त्यामुळे आडवाट नाही. २११ पर्यंतच्या मूळ संख्यांनी मुकाट्याने भागावं लागतं. ती मूळ निघते.

हे जमलं की दहा एकांची संख्या घ्या. वर्ग करताना इथे पहिल्यांदाच हातचा येतो आणि मधला डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांची बेरीज ८२, सम, संख्या विषम. भागाकार न करताच कळतं की ही हर्षद नाही. वर्गमुळाचे अवयव ११, ४१, २७१ आणि ९०९१. शेवटचा मूळ आहे का, हे पायरी ५ च्या रीतीने तपासा. इथे आवर्तन दहाचं, त्यामुळे 'दहाची पट अधिक एक' अशाच मूळ संख्या लागतील, आणि वर्गमूळ ९५ च्या आसपास. म्हणजे ११, ३१, ४१, ६१, ७१. पाच भागाकार.